ऐकू येतं, पण कळत नाही : घोडबंदर रोडवरच्या एका सभागृहाचा प्रकरण अभ्यास

ठाण्यात घोडबंदर रोडला लागून असलेल्या एका मोठ्या गृहसंकुलातलं हे सभागृह. संकुलाचं नाव इथे देत नाही. कमिटीने मोजमापं मांडायला परवानगी दिली ती याच अटीवर. टॉवरच्या तळमजल्यावरचा हा हॉल साधारण १५ मीटर लांब, १० मीटर रुंद आणि साडेचार मीटर उंच आहे. खाली गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्स, वर पीओपीचं सीलिंग, बागेच्या बाजूला जवळजवळ पूर्ण लांबीची काच आणि तिच्या समोरच्या भिंतीवर झुंबा-योगाच्या वर्गांसाठी लावलेले आरसे. बसायला प्लॅस्टिकच्या खुर्च्या. दिसायला हॉल देखणा आहे. बिल्डरने सजावटीत काही कमी ठेवलेलं नाही.

इथे दर आठवड्याला ज्येष्ठ नागरिक मंडळाची बैठक होते. पंचवीस-तीस जण जमतात. कधी डॉक्टरांचं व्याख्यान, कधी बँकेतल्या फसवणुकीबद्दल माहिती, कधी नुसत्या गप्पा. शिवाय महिलांचं भजनी मंडळ, मुलांच्या बालनाट्याच्या तालमी, गणेशोत्सवातले कार्यक्रम आणि वर्षातून एकदा सोसायटीची वार्षिक सभा.

तक्रार ज्येष्ठांकडून आली, आणि ती एका गैरसमजातून वर आली. मधुमेहावरच्या व्याख्यानात डॉक्टरांनी एक तपासणी साठ दिवसांनी पुन्हा करून घ्यायला सांगितली होती. घरी गेल्यावर कळलं की निम्म्या लोकांनी वहीत ‘सात दिवस’ लिहिलंय. नुकसान कुणाचं झालं नाही, पण त्यानंतर लोक बोलायला लागले. मागे बसलं की काहीच समजत नाही, माइक आहे पण नुसता गोंगाट होतो, डोकं दुखायला लागतं. एका आजींनी जे सांगितलं ते मी तसंच्या तसं टिपून ठेवलंय, कारण संपूर्ण निदान त्यात आहे : “ऐकू येतं हो, पण कळत नाही.”

कमिटीचं उत्तर सौजन्याचं होतं, पण दिशा चुकलेली होती. वय झालं की कान जातात, त्यामुळे पुढे बसावं, मशीन लावावं, असं सुचवलं गेलं. ज्यांच्याकडे श्रवणयंत्रं होती त्यांनी ती लावली आणि त्यांना आणखी त्रास झाला. मग देणगी जमवून पंधरा इंची दोन मोठे स्पीकर आणले आणि मंचाच्या दोन्ही कोपऱ्यांत उभे केले. आवाज वाढला. समज होती तिथेच राहिली. हळूहळू बैठकीची संख्या रोडावली. न येणाऱ्यांपैकी कुणीही ‘हॉल वाईट आहे’ असं म्हटलं नाही. “आता आमच्याने होत नाही,” असं म्हणून ते घरी बसले. या प्रकरणातली मला सर्वात जास्त लागलेली गोष्ट हीच. खोलीचा दोष माणसांनी आपल्या म्हातारपणाच्या खात्यात जमा केला होता.

कमिटीला त्रास का जाणवला नाही

हॉलचा आवाज तपासायला मला बोलावलं तेव्हा सेक्रेटरी काका मनापासून गोंधळलेले होते. “अहो, वार्षिक सभेत मी स्वतः शेवटच्या रांगेत बसलो होतो. सगळं नीट ऐकू आलं. मग यांनाच काय होतं?”

हा प्रश्न अगदी योग्य होता. पुढचा सगळा उलगडा त्यातूनच झाला.

बंद खोलीत उच्चारलेला आवाज कानावर दोन वाटांनी येतो. एक थेट, आणि दुसरा भिंती, छत, फरशी यांवर आपटून, पुन्हा पुन्हा परतून. दुसऱ्या वाटेने आलेल्या आवाजाला शाळेच्या पुस्तकात निनाद म्हणतात. आवाज थांबल्यावर तो ६० डेसिबलने खाली यायला जितका वेळ लागतो तो निनादकाल. ही कल्पना मांडली वॉलेस क्लेमेंट सबाइन यांनी. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग आर्ट म्युझियमचं नवं व्याख्यानगृह १८९५ मध्ये तयार झालं आणि तिथे एकही व्याख्यान कुणाला समजेना. रिकाम्या खोलीत उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंदांच्या आसपास घुमत राहायचा. सबाइन तेव्हा तिथे भौतिकशास्त्राचे तरुण शिक्षक होते. त्यांनी ऑर्गनची एक नळी, वेळ मोजायचं साधन आणि जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या आसनांच्या उशा घेऊन प्रयोग सुरू केले. रस्त्यावरची वर्दळ थांबल्यावर, रात्री, उशा कमी-जास्त करत ते निनाद मोजत राहिले आणि त्यातून एक सूत्र निघालं : निनादकाल म्हणजे खोलीचं घनफळ गुणिले ०.१६१, भागिले खोलीतलं एकूण शोषण. १९०० साली सुरू झालेलं बोस्टनचं सिंफनी हॉल याच समजुतीवर बांधलं गेलं. आजही अशा हॉलच्या पहिल्या अंदाजाला हेच सूत्र वापरतात.

आमच्या हॉलचं घनफळ ६७५ घनमीटर. शोषण मोजतात चौरस मीटरमध्ये, म्हणजे उघड्या खिडकीच्या किती क्षेत्राएवढा आवाज खोली गिळते. टाइल्स, काच, आरसे, रंगवलेला गिलावा हे सगळे आवाजाचा जवळजवळ ९५ टक्के किंवा त्याहून जास्त भाग परत फेकतात. सव्वापाचशे चौरस मीटर पृष्ठभागातून हाती लागलं जेमतेम ३० चौरस मीटर शोषण. म्हणजे रिकाम्या हॉलचा निनादकाल ३.६ सेकंद. रात्री उशिरा, रस्ता जरा शांत झाल्यावर, फुगे फोडून माइकवर मोजलं तेव्हाही आकडा साडेतीनच्या आसपासच आला. (पूर्ण ६० डेसिबलची घसरण अशा जागी मोजता येत नाही, कारण शेवटचा भाग बाहेरच्या आवाजात बुडतो. सुरुवातीची २०-३० डेसिबलची घसरण मोजून पुढचा हिशेब करतात.)

माणूस हा उत्तम शोषक आहे. कपड्यांसकट एक माणूस मधल्या पट्ट्यात, म्हणजे ना फार खालच्या ना फार वरच्या सुरांत, साधारण ०.४५ चौरस मीटर आवाज गिळतो. वार्षिक सभेला शंभर लोक जमले की शोषण ३० वरून ७५ वर जातं आणि निनादकाल १.४५ सेकंदांवर उतरतो. आदर्श नाही, पण चालून जातो. ज्येष्ठांच्या बैठकीला पंचवीस जण. शोषण ४१, निनादकाल २.६५ सेकंद.

म्हणजे सेक्रेटरी काका ज्या हॉलमध्ये बसले होते तो वेगळा होता आणि ज्येष्ठ बसत होते तो वेगळा. भिंती त्याच होत्या, पण आवाजाच्या दृष्टीने त्या दोन निराळ्या खोल्या होत्या. कमिटीतली मंडळी हॉलमध्ये बसत ती तो भरलेला असतानाच.

ठाण्यातल्या गडकरी रंगायतनला किंवा घाणेकर नाट्यगृहाला नाटक बघणाऱ्याला असा फरक फारसा जाणवत नाही, आणि त्यामागे खुर्च्या हे एक मोठं कारण असतं. नाट्यगृहातली गादीची, कापडी पाठीची खुर्ची आरामासाठी असतेच, पण ती रिकामी असताना बसलेल्या माणसाइतकाच आवाज गिळावा या हिशेबानेही निवडायची असते. प्रयोगाला अर्धंच घर भरलं तरी नटाला आवाज नव्याने जुळवावा लागू नये, यासाठी. प्लॅस्टिकच्या खुर्चीला आवाजाच्या हिशेबात जवळजवळ काहीच किंमत नाही.

सात आणि साठ

निनाद लांबला की शब्दच का बिघडतात, सूर का नाही, हे नीट बघायला हवं. भजनी मंडळाची तर हॉलबद्दल काडीचीही तक्रार नव्हती. उलट “इथे आवाज काय छान लागतो!” असं त्या म्हणायच्या, आणि त्यांचं खरंच होतं. गाण्यात सूर लांब असतो, एका सुराची शेपटी दुसऱ्यात मिसळली तर गोडवा येतो, आणि अभंगाचे शब्द सगळ्यांना पाठ असतात. आरती कितीही घुमली तरी कुणी विचारत नाही की काय म्हणालात. डॉक्टरांचं वाक्य मात्र पहिल्यांदाच कानावर पडत असतं. तिथे प्रत्येक व्यंजन लागतं.

बोलण्यात ताकद स्वरांची असते आणि अर्थ मुख्यतः व्यंजनांत असतो. ‘आ’ दणदणीत असतो. त्याच्या शेजारचा ‘त’ किंवा ‘ठ’ दहा-पंधरा डेसिबलने, कधी त्याहूनही क्षीण असतो आणि सेकंदाच्या छोट्याशा अंशात संपतो. आपण सेकंदाला साधारण पाच अक्षरं बोलतो असं धरा, म्हणजे एका अक्षराला ०.२ सेकंद. निनादकाल २.६५ असेल तर एवढ्या वेळात आधीचा स्वर फक्त साडेचार डेसिबलने खाली येतो. पुढचं व्यंजन त्याच्यापेक्षा कितीतरी हळू असल्यामुळे सरळ त्याच्याखाली गाडलं जातं. निनादकाल १.१ वर आणला तर त्याच ०.२ सेकंदात स्वर ११ डेसिबलने उतरतो आणि व्यंजनाला डोकं वर काढायला जागा मिळते.

मराठीत ही जागा फारच मोलाची आहे. क-ख, त-थ, प-फ ही महाप्राणाची जोडी केवळ एका हलक्या श्वासाच्या फरकावर उभी असते. करा आणि खरा, ताप आणि थाप. त्यात दंत्य-मूर्धन्य, म्हणजे जीभ दातांशी टेकते की टाळूशी हा फरक : काल-काळ, कोन-कोण. साठमधल्या ‘ठ’वरचा श्वास आणि त्याचं टाळूवरचं स्थान, दोन्ही पुसलं की उरतो सात. डॉक्टरांनी चूक केली नव्हती, ऐकणाऱ्यांनीही नाही.

हे कमिटीला पटवण्यासाठी एक साधी चाचणी घेतली. अशा जोड्यांतले शब्द उलटसुलट क्रमाने लिहून काढले. निवृत्त मुख्याध्यापिका असलेल्या एका बाईंनी ते नेहमीच्या वेगाने माइकवर वाचले. मागच्या दोन रांगांत तिशीतल्या मुलामुलींना बसवलं, कान ठणठणीत असलेल्या, आणि ऐकू येईल ते लिहायला सांगितलं. कागद गोळा केल्यावर चेअरमन बराच वेळ ते चाळत बसले. तरुणांनीही काल-काळ, ताप-थाप सर्रास चुकवलं होतं.

मग बाईंनी माइक बाजूला ठेवला आणि तीच यादी पुन्हा वाचली, या वेळी शब्दाशब्दांत अंतर ठेवून, शेवटचं अक्षर न गिळता. चुका लक्षणीय घटल्या. वर्गात वर्षानुवर्षं शिकवलेल्या माणसाला हे आपोआप जमतं. खोलीला शांत व्हायला वेळ द्यायचा आणि मग पुढचा शब्द टाकायचा. आपल्या रंगभूमीवर ‘शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचला पाहिजे’ ही शिकवण आहे, पण घुमणाऱ्या खोलीत आवाज फेकण्यापेक्षा सावकाश बोलणं जास्त कामी येतं.

वयाचा वाटा नाकारण्यात अर्थ नाही. वाढत्या वयात आधी जातात ते वरच्या कंपनांचे आवाज, आणि ‘त’, ‘ठ’, ‘स’, ‘श’ यांची ओळख बरीचशी तिथेच असते. जिथे तरुण धडपडत होते तिथे सत्तरीतली माणसं पूर्ण हरत होती. श्रवणयंत्र थेट आवाजाबरोबर निनादही मोठा करून कानात घालतं, म्हणून ते लावून त्रास वाढला.

मोठे स्पीकर का हरले

या हॉलमध्ये पंचवीस माणसं असताना बोलणाऱ्यापासून साधारण सव्वा मीटरच्या पलीकडे गेलं की थेट आवाजापेक्षा परतून आलेला आवाज जास्त होतो. म्हणजे पहिल्या रांगेपासूनच लोक खोली ऐकत होते. माइकचा आवाज वाढवला की थेट आवाज वाढतो आणि तितकाच निनादही वाढतो. दोघांतलं प्रमाण जागेवरच राहतं. शिवाय कोपऱ्यात ठेवलेला मोठा स्पीकर खालचे सूर फुगवतो, त्यामुळे गडगडाट वाढला आणि व्यंजनं आणखी दबली.

काच आणि आरसे अगदी समोरासमोर असल्याने आणखी एक प्रकार होत होता. मध्यभागी टाळी वाजवली की ‘ट्र्र्र’ असा लांब थरथराट यायचा. दहा मीटर जायचे, दहा यायचे, ध्वनीचा वेग सेकंदाला ३४५ मीटरच्या आसपास, म्हणजे दर ५८ मिलिसेकंदांनी एक परतफेड. बोलताना हा थरथराट वेगळा कळत नाही, पण अर्ध्या तासाने जे डोकं दुखायला लागतं त्यात याचा हात असावा असं माझं मत आहे.

बाहेरच्या आवाजाबद्दल थोडक्यात सांगतो. घोडबंदर रोडवरून न्हावाशेवा आणि गुजरातच्या बाजूची अवजड वाहतूक चालते, त्यात वडाळा-कासारवडवली मेट्रो ४ चं काम. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आणि रात्रीची ४५ आहे. रस्त्याकडच्या खिडक्या उघड्या आणि पंखे पाचवर असले की हॉलच्या आतच मीटर ५५ च्या वर जात होता. समजण्यासाठी बोलणं पार्श्वभूमीच्या आवाजाहून निदान १५ डेसिबल वर हवं. त्या बाजूच्या खिडक्या बैठकीपुरत्या बंद, पंखे दोनवर, गरज पडली तर एसी. एवढ्यावर हा भाग आटोक्यात आला.

काय लावलं, काय नाकारलं

पहिली सूचना आली ती अंड्यांचे ट्रे भिंतीला ठोकण्याची. व्हिडिओ बघून ही कल्पना घरोघरी पोचली आहे. तो पुठ्ठा पातळ असतो, बोलण्याच्या पट्ट्यात फारच थोडं शोषतो, आणि आग लागली तर भराभरा पेटतो. ऑनलाइन मिळणाऱ्या टोकदार काळ्या फोमबद्दल तर मी आग्रहानेच नाही म्हटलं. साधा पॉलियुरेथेन फोम पेट घेतो आणि त्याचा धूर विषारी असतो. जिथे शंभर माणसं आणि मुलं जमतात तिथे प्रमाणपत्राशिवाय तो लावणं मला गुन्ह्यासारखं वाटतं.

निवड झाली रॉकवूलची. दगड वितळवून काढलेले धागे, ते जळत नाहीत. ५० मिलिमीटर जाडीचे, कापडात गुंडाळलेले फलक सीलिंगपासून थोडी जागा सोडून आडवे टांगले, एकूण ४८ चौरस मीटर. मागे हवा ठेवल्याने खालच्या पट्ट्यातलं शोषण सुधारतं आणि पावसाळ्यात ओल थेट फलकात उतरत नाही. ठाण्याच्या हवेत भिंतीला चिकटवलेल्या कापडाला दोन पावसाळ्यांत बुरशी येते, म्हणून भिंतींना हात लावला नाही. काचेला जाड, दुप्पट चुण्यांचे पडदे घातले, सुमारे ३० चौरस मीटर. पडदे ओढले की काच-आरसा जोडी तुटते आणि थरथराट जातो.

हिशेब असा : आधीचे ३०, फलकांचे सुमारे ४३, पडद्यांचे १५. एकूण ८८. पंचवीस माणसांसह ९९, म्हणजे निनादकाल १.१ सेकंद. पडदे उघडे ठेवले तर १.३. शंभर माणसं आणि पडदे ओढलेले असतील तर ०.८ च्या थोडं वर.

याहून जास्त फलक लावायला कमिटी तयार होती, पैसेही होते. मीच थांबवलं. व्याख्यानाला ०.८ आणखी चांगलं, पण भजनी मंडळाला ती खोली मेलेली वाटली असती. टाळ कोरडे लागतात, गाणाऱ्याला स्वतःचा आवाज परत मिळत नाही आणि मग तो उगाच ताण देऊन गातो. पडद्यांचा उपाय व्याख्यान आणि भजन दोन्ही सांभाळणारा आहे. भजनाच्या दिवशी ते बाजूला सारतात. तरीही मंडळातल्या एका काकूंनी स्पष्ट सांगितलं, “पूर्वीचा नाद गेला हो.” त्यांचं नुकसान खरं आहे, आणि ते झालं हे मी कमिटीच्या अहवालातही लिहिलं.

मोठे स्पीकर मंचावरून हटवले. त्यांच्या जागी दोन सडपातळ कॉलम स्पीकर, बसलेल्यांच्या कानांच्या उंचीवर रोखलेले आणि पहिल्या रांगेच्या जवळ आणलेले. अशा स्पीकरचा आवाज वर-खाली कमी पसरतो, त्यामुळे छताला आणि फरशीला जाणारा वाटा घटतो. आवाजाची पातळी पूर्वीपेक्षा कमी ठेवूनही शेवटची रांग स्पष्ट ऐकते.

शब्दांची चाचणी त्याच बाईंनी पुन्हा घेतली. या वेळी मागच्या रांगेत ज्येष्ठ स्वतः बसले, हट्टाने. काल-काळ काहींचं अजूनही चुकतं. सात आणि साठ मात्र सगळ्यांनी बरोबर लिहिलं. बैठकीला येणं सोडलेल्यांपैकी बरेच जण परतले आहेत, सगळे नाहीत.

न सुटलेला भाग

हॉलच्या बरोबर वर पहिल्या मजल्यावर फ्लॅट आहेत. तिथल्या एका कुटुंबाला आशा होती की फलक लागल्यावर झुंब्याच्या वर्गाचा धमधमाट थांबेल. तो थांबला नाही, आणि थांबणार नव्हताच. खोलीतला आवाज शोषणं आणि खोलीबाहेर जाणारा आवाज अडवणं ही दोन वेगळी कामं आहेत. सच्छिद्र फलक पहिलं करतो. दुसऱ्याला वजन आणि तुटक बांधणी, म्हणजे एकमेकांना थेट न चिकटलेले थर, लागतात. त्या धमधमाटातले सूर ६० ते १०० हर्ट्झचे, त्यांच्या लाटेची लांबी साडेतीन ते पावणेसहा मीटर. ५० मिलिमीटरचा फलक त्यांना जवळजवळ दिसतही नाही. त्यातला बराच भाग तर हवेतून न जाता फरशी आणि खांबांतून वर चढतो.

कायमचा उपाय म्हणजे स्लॅबखाली स्प्रिंग हँगरवर टांगलेलं जड, वेगळं सीलिंग, आणि वर्गाच्या जागी रबरावर तरंगती फरशी. हॉलची उंची त्याला पुरते, खर्च मात्र आतापर्यंतच्या कामाच्या कितीतरी पट आहे. तोवर सबवूफर बंद ठेवलाय, झुंब्याचे स्पीकर जमिनीवरून उचलून रबरी पॅडवर घेतलेत आणि सकाळचा वर्ग आठनंतर सुरू होतो. वरच्या कुटुंबाच्या म्हणण्यानुसार फरक आहे, पण पुरेसा नाही. सीलिंगचा अंदाजपत्रकासह प्रस्ताव पुढच्या वार्षिक सभेत येणार आहे.